किरकोळ आहे हो, सर!

मध्यंतरी नवी गाडी घेतली. (अभिनंदन राहू द्या, हप्ते कसे भरतोय ते माझं मला ठाऊक.) शोरूममध्ये अगदी साग्रसंगीत सोहळा होता. गाडीवर लाल कापड, त्यावर भलीमोठी रिबन, बायकोच्या हातात पुष्पगुच्छ, मुलाच्या हातात चॉकलेट, नारळ, हार, पेढे. एक पोरगा आमचे फोटो काढत होता आणि दुसरा कागद पुढे करून म्हणत होता, "सर, इथे, इथे आणि इथे सही." कागदावर छापलेलंच होतं, 'वाहन सुस्थितीत मिळाले.'

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. न वाचता 'आय अ‍ॅग्री'वर क्लिक करायची आयुष्यभराची सवय. पण त्या दिवशी कुठून बुद्धी झाली कोण जाणे, सही करायच्या आधी गाडीत जाऊन बसलो. ग्लव्ह बॉक्सचं झाकण डावीकडे जरासं खाली बसलं होतं. दोन-तीन मिलिमीटर असेल फार तर. आणि त्याच्या वरच डॅशबोर्डच्या प्लास्टिकवर बोटभर लांबीचा ओरखडा.

त्या मुलाला बोलावून दाखवलं. तो गोड हसला. "किरकोळ आहे हो, सर! एवढं तर सगळ्याच गाड्यांना असतं. आठवड्याभरात तुमच्या लक्षातसुद्धा राहणार नाही." बाबा मागे उभे होते. ते म्हणाले, "अरे, चालते ना गाडी? मग कर सही. मुहूर्त टळेल."

मी आपला पेन हातात धरून तसाच उभा. खरं सांगायचं तर ओरखड्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण तो 'किरकोळ' शब्द डोक्यात जाऊन बसला. किरकोळ हे ठरवायचं कुणी? पैसे देणाऱ्याने, विकणाऱ्याने की बनवणाऱ्याने? ऑफिसात आम्ही दिवसभर हेच तर करत असतो. बग आला की तो 'सेव्हरिटी वन' की 'सेव्हरिटी फोर' यावर तासभर मीटिंग. फोर म्हटलं की तो बग मेला. कायमचा.

मग पुढचे दोन वीकएंड या एका शब्दाच्या मागे गेले. जे सापडलं ते सांगतो. इतिहास आहे, पण कंटाळवाणा नाही. प्रॉमिस.

सुरुवात मोटारीपासून होत नाही, मागापासून होते. जपानमधला साकिची टोयोडा हा मागांमध्ये सुधारणा करणारा माणूस. १९२४ साली त्याने असा स्वयंचलित माग तयार केला की धागा तुटला की माग आपणहून थांबायचा. इचलकरंजी, मालेगावकडच्या लोकांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ताण्यातला एक धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर कापडात लांबच लांब रेघ पडते. आता एक धागा म्हणजे किरकोळच की! पण टोयोडाचा हिशेब वेगळा होता. चूक झाल्या जागी, झाल्या क्षणी थांबलात तर एकच धागा जोडावा लागतो. नंतर लक्षात आलं तर अख्खा तागा वाया जातो. १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घ्यायचं ठरवलं. मागासाठी जगाला यंत्रं विकणाऱ्या इंग्लंडने जपान्याकडून हक्क घ्यावेत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पुढे साकिचीचा मुलगा किइचिरो याने मोटारी बनवायला घेतल्या आणि 'चूक दिसली की थांबा' हा मागातला नियम मोटारीच्या कारखान्यात आला. तिथे कामगारांच्या डोक्यावर एक दोरी असते. काही बिनसलं की कुठल्याही कामगाराने ती ओढायची. मदतीला माणूस धावतो, आणि वेळेत दुरुस्त झालं नाही तर लाइन थांबते.

आता थेट अमेरिकेत. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाच्या गावी जनरल मोटर्सचा कारखाना होता. तिथे नियम बरोबर उलटा. आभाळ कोसळलं तरी लाइन थांबवायची नाही. चूक झाली? जाऊ दे पुढे. शेवटी एक आवार होतं, तिथे अर्धवट, चुकलेल्या गाड्या उभ्या करायच्या आणि मग दुरुस्त करायच्या. मालक-कामगारांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. रोज पाचातला जवळजवळ एक कामगार गैरहजर. तिथल्या जुन्या कामगारांनी २०१० साली रेडिओवरच्या एका कार्यक्रमात कबूल केलं की कंपनीवरचा राग काढायला काही जण दाराच्या पॅनेलच्या आत शीतपेयाच्या बाटल्या टाकून द्यायचे. गाडी घेणाऱ्याला आयुष्यभर खडखड ऐकू येणार आणि कुठून येते ते कळणार नाही!

विचार करा. कुणीतरी पै-पै जमवून नवी गाडी घेतली आहे. दारातून आवाज येतो म्हणून डीलरकडे खेटे घालतोय. आणि डीलर सांगतोय, "किरकोळ आहे, थोडं रनिंग झालं की बसेल."

१९८२ साली तो कारखाना बंद पडला. १९८४ साली टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत तोच पुन्हा सुरू केला. नाव दिलं नुम्मी. गंमत म्हणजे कामगार बहुतेक तेच. तेच बाटल्या टाकणारे! त्यांच्यातल्या शेकडो जणांना जपानला नेलं, टोयोटाच्या कारखान्यात उभं केलं आणि ती दोरी दाखवली. काही जणांचा विश्वासच बसेना. लाइन थांबवल्याबद्दल शिव्या न खाता उलट मदत मिळते? परत आल्यावर त्याच हातांनी बनवलेल्या गाड्या दर्जात जपानी गाड्यांच्या तोडीस तोड ठरल्या. माणसं फार बदलली नव्हती. त्यांच्या हातात दोरी आली होती, एवढाच काय तो फरक.

(त्या कारखान्याची पुढची कथाही मजेशीर आहे. २०१० साली नुम्मी बंद झाला आणि इमारत टेस्लाने घेतली. पुढे टेस्लाच्या गाड्यांच्या पॅनेलमधल्या कमीजास्त फटींवर लोकांनी इतकी चर्चा केली की २०२१ साली खुद्द इलॉन मस्कने एका मुलाखतीत मान्य केलं, उत्पादन झपाट्याने वाढवताना दर्जा सांभाळणं अवघड गेलं. वास्तूचा दोष म्हणावा काय? :) )

ऐंशीच्या दशकात किरकोळ गोष्टी मोजायलाही सुरुवात झाली. जे. डी. पॉवर या अमेरिकन संस्थेने १९८७ पासून नव्या गाड्यांची पाहणी सुरू केली. पहिल्या ९० दिवसांत मालकाला काय काय खटकलं ते विचारायचं आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी हा आकडा काढायचा. म्हणजे 'हे तर सगळ्याच गाड्यांना असतं' हे वाक्य पहिल्यांदाच पडताळून बघता येऊ लागलं. कुणाच्या गाड्यांना किती असतं ते छापूनच यायला लागलं ना! आणि त्यात मालक सांगेल ती तक्रार. इंजिन बंद पडलं तीही एक, कपहोल्डर गैरसोयीचा आहे तीही एक. इंजिनियर लोकांना याचा भयंकर राग येतो. पण किरकोळ काय हे ठरवायचा हक्क तिथे बनवणाऱ्याकडून काढून घेतला होता.

त्याच काळात जर्मनीत ऑडीने १९८५ पासून गाडीच्या आतल्या वासासाठी वेगळी टीम नेमली. काम काय, तर सीट, कार्पेट, प्लास्टिक यांचे तुकडे हुंगायचे! आणि १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस एलएस ४०० आणली. जाहिरात काय, तर बॉनेटच्या फटीवरून एक पोलादी गोळी सुळसुळत जाते, कुठे अडकत नाही, पडत नाही. फट सगळीकडे सारखी असल्याचा पुरावा. विकायला काढली गाडी आणि दाखवली फट!

पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट त्याच वर्षी डिसेंबरात घडली. गाडी बाजारात येऊन तीनच महिने झाले होते. दोन ग्राहकांच्या तक्रारी आल्या, एक वायरिंगची आणि एक ब्रेकलाइट जास्त तापण्याची. दोन तक्रारी. कुठलाही प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाला असता, "रिप्रोड्यूस होतोय का बघा, मग बोलू." लेक्ससने विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ८,००० गाड्या बोलावल्या. बोलावल्या कसल्या, घरी जाऊन नेल्या, दुरुस्त केल्या, धुऊन-पुसून परत दिल्या. वीस दिवसांत खेळ खलास. नव्या ब्रँडची अब्रू जायची वेळ आली होती, उलट नाव झालं.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. इथे जरा गंभीर होतो.

ज्या जनरल मोटर्सने नुम्मीत पंचवीस वर्षं भागीदारी केली, ती दोरी रोज डोळ्यांनी पाहिली, त्याच कंपनीच्या शेव्हरले कोबाल्ट आणि सॅटर्न आयन अशा काही गाड्यांत इग्निशन स्विच जरा सैल होता. किल्ली फिरवायला जेवढा जोर लागायला हवा त्यापेक्षा कमी जोर लागायचा. किल्लीच्या जुडग्याचं वजन जास्त असलं किंवा गुडघा लागला, तर चालत्या गाडीत किल्ली मागे फिरायची आणि इंजिन बंद. २००४-०५ पासून तक्रारी येत होत्या. कंपनीत चौकशी सुरू झाली, बंद झाली. २००५ च्या डिसेंबरात डीलरांना कळवलं की ग्राहकांना जुडग्यातलं जड सामान काढायला सांगा.

असं का झालं? कंपनीनेच नेमलेल्या वकिलाने २०१४ साली तीनशेहून जास्त पानांचा अहवाल दिला, त्यात उत्तर आहे. इंजिनियरांनी ही तक्रार 'ग्राहकाची गैरसोय' या खान्यात टाकली होती. सुरक्षिततेच्या नाही. गाडी बंद पडते, ग्राहक वैतागतो, किरकोळ आहे. पण किल्ली मागे फिरली की वीज जाते आणि वीज गेली की एअरबॅग उघडत नाही, ही साखळी वर्षानुवर्षं कुणी जोडूनच पाहिली नाही. त्या खान्यात गेल्यामुळे घाई संपली. पुढे २००६ मध्ये स्विचमध्ये गुपचूप सुधारणा झाली, पण पार्ट नंबर तोच ठेवला. (व्हर्जन नंबर न बदलता प्रॉडक्शनमध्ये कोड टाकणाऱ्या माझ्या मित्रांनो, हे वाक्य पुन्हा वाचा.) त्यामुळे नंतर तपास करणाऱ्यांना जुन्या-नव्या गाड्यांतला फरकच सापडेना. अखेर २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्याच नुकसानभरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले.

एकशे चोवीस माणसं.

त्याच चौकशीत २००८ सालच्या एका अंतर्गत ट्रेनिंगच्या स्लाइड्स बाहेर आल्या. कर्मचाऱ्यांनी लिहिताना कुठले शब्द टाळायचे याची यादी होती. 'प्रॉब्लेम' म्हणू नका, 'इश्यू' म्हणा. 'डिफेक्ट' म्हणू नका, 'डिझाइनप्रमाणे चालत नाही' म्हणा. वाचताना मला हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. कारण ही भाषा मी रोज बोलतो. आमच्याकडे बग नसतातच, 'नोन इश्यू' असतात.

म्हणजे मला हे म्हणायचंय का, की माझ्या डॅशबोर्डवरच्या ओरखड्याने कुणाचा जीव जाणार आहे? छे हो! ओरखडा हा ओरखडाच. जगातल्या बहुतेक किरकोळ गोष्टी खरोखरच किरकोळ असतात. पण ज्याला ती गोष्ट भोगायची नाही त्याने ती किरकोळ ठरवली, आणि मुख्य म्हणजे ती कुठे लिहिलीच गेली नाही, की गडबड सुरू होते. धागा, बाटली, स्विच, तिन्ही गोष्टींत फरक एवढाच होता की बोट दाखवणाऱ्याचं म्हणणं कुणी टिपून घेतलं का.

आपल्याकडे तर बराच काळ टिपून घ्यायला कुणी नव्हतंच. परमिट राज्यात देशात मोटारी बनवणाऱ्या मोजक्या कंपन्या. नंबर लावा, पैसे भरा आणि वर्षानुवर्षं वाट बघा. बाबांना त्यांची पहिली गाडी मिळाली तेव्हा ते ती घेऊन घरी आलेच नाहीत. आधी गॅरेजला गेले! दाराचं रबर बदललं, नट-बोल्ट आवळून घेतले, सीट कव्हरं शिवायला टाकली आणि मग गाडी घरी आली. नव्या गाडीचं हे असं करायचंच असतं, अशी सगळ्यांची समजूत. एका दाराची काच खडखडायची. तिथे रबरी स्लिपरचा एक तुकडा खोचलेला असायचा. मला वाटायचं तो गाडीसोबतच येतो.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली. किंमत सुमारे ४७,५०० रुपये. जपानी सुझुकीच्या पद्धतीने बनलेली ती गाडी रस्त्यावर आली आणि नव्या गाडीचा आवाज कसा असतो ते लोकांना कळलं. तीन वर्षांनी, १९८६ साली, ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या दर्जातली कुठलीही उणीव किंवा अपूर्णता अशी बरीच ऐसपैस आहे. २०१९ च्या नव्या कायद्यातही ती तशीच ऐसपैस राहिली. मात्र लगेच 'गाडी बदलून द्या' म्हणून धावू नका. २००६ साली क्लचच्या तक्रारीवरच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटीप्रमाणे भाग दुरुस्त करून किंवा बदलून देता येत असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. न्याय्यच आहे. एका बगसाठी कुणी अख्खं सॉफ्टवेअर नव्याने लिहीत नाही. (लिहितात. पण तो वेगळा विषय.)

असो. तर मी त्या दिवशी काय केलं?

सही केली. पण आधी 'सुस्थितीत मिळाले'च्या खाली पेनने दोन ओळी लिहिल्या. झाकण डावीकडे खाली, डॅशबोर्डवर ओरखडा. दोन्ही प्रतींवर. फोटो काढले, मॅनेजरची सही घेतली, तारीख घातली. पाच मिनिटं गेली. मुहूर्त टळला नाही. सेल्सवाल्या मुलाचा चेहरा पडला, पण त्याचीही चूक नव्हती, त्याच्या हातात तरी कुठे दोरी होती?

पुढच्या शनिवारी वर्कशॉपला गेलो. तिथल्या मेकॅनिकने झाकण दहा मिनिटांत नीट बसवलं. ओरखड्यावरून बोट फिरवून तो म्हणाला, "सर, हा पॉलिशने जाणार नाही. बाहेरचा रंग घासता येतो. या प्लास्टिकवर जी बारीक नक्षी आहे ना, ती साच्यातच उमटलेली असते, घासलं तर चकचकीत डाग पडेल. पार्ट वॉरंटीत बदलून देतो, पण त्याला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. वायरिंग, एअरबॅग, सगळं. आतल्या क्लिपा प्लास्टिकच्या, एखादी तुटली की नवा आवाज सुरू. माझी गाडी असती तर मी नसता खोलला. पण तुम्ही सांगा."

'तुम्ही सांगा.' बास. मला एवढंच हवं होतं. एक बग सोडवताना दोन नवे घालायचे नसतात हे मला कळतं. मी म्हटलं, "राहू दे. पण जॉब कार्डवर लिहा." त्याने लिहिलं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. जरा टोमणाही मारला, "तुम्ही तर म्हणत होतात, चालते ना गाडी, कर सही." बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, ती काच मलाही खटकायची. बारा वर्षं खटकली. पण तेव्हा लिहून द्यायचं कुणाला?"

ओरखडा अजून आहे. तो मुलगा म्हणाला होता तसं, आठवड्याभरात माझ्या लक्षातही राहिला नाही. सोमवारी ऑफिसला गेल्यावर मात्र एक काम केलं. आमच्या यादीतले 'सेव्हरिटी फोर' म्हणून बंद केलेले बग पुन्हा उघडून वाचायला घेतले. पहिलीच तक्रार चौदा महिन्यांपूर्वीची निघाली. त्या माणसाने तीनदा लिहिलं होतं. आम्ही एकदाही उत्तर दिलं नव्हतं.